पाळण्यातलं दही

उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसायचं काम आम्ही दोघांनी हाडं दुखेपर्यंत केलं. छतावरून दोन तारांना एक लोखंडी चौकट टांगतात, तिला आम्ही पाळणा म्हणायचो. त्यात दोन माणसं, दोन बादल्या, साबण आणि वायपर. पाळण्यात माझ्या डाव्या हाताला जो उभा राहायचा त्याला सगळे बंब म्हणत. गोल, रुंद आणि चार पावलं चालला की तापणारा. खऱ्या नावाने हाक मारली तर तो मागे वळून बघायचा, कुणाला बोलावताहेत म्हणून.

कामाला मात्र चोख. वायपर वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत न उचलता ओढावा लागतो. मधेच उचलला की काचेवर रेघ राहते, आणि ऊन पडलं की ती रेघ रस्त्यावरूनही दिसते. बंबाची रेघ राहायची नाही. माणूस कसा होता हे सांगायला एवढं पुरे. पण त्याच्या नशिबात दही आलं, म्हणून पुढचं लिहावं लागतंय.

नवा सुपरवायझर आला. त्याने तळघरातल्या पार्सलच्या काट्यावर आम्हा सगळ्यांना एकेक करून उभं केलं. शंभर किलोच्या वरचा माणूस यापुढे पाळण्यात चढणार नाही, म्हणाला. बंब चढला तसा काटा शंभर ओलांडून सुसाट गेला.

"पुढच्या तपासणीपर्यंत वजन उतरव," सुपरवायझर म्हणाला. "नाहीतर तुला खाली घेतो."

खाली म्हणजे फुटपाथवर. दोरी बांधायची आणि दिवसभर लोकांना 'बाजूने जा, बाजूने जा' म्हणत उभं राहायचं.

"मी बुजगावणं नाही," बंब मला म्हणाला. वर उभं राहण्यापलीकडे त्याला काही नको असायचं, हे मला ठाऊक होतं.

त्याची मुलगी एका मोठ्या दुकानात फ्रिज भरायच्या कामाला होती. तारीख संपत आलेला माल तिथल्या कामगारांना घरी न्यायला मिळे. तिने बापासाठी पिशवी भरून आणली. प्रोटीनवालं दही, प्रोटीनवालं पुडिंग, बाटलीतलं प्रोटीनवालं दूध आणि पांढऱ्या चुऱ्यासारखं एक चीज.

"बाबा, हल्ली वजन उतरवायला सगळे हेच खातात," ती म्हणाली. "चरबी अजिबात नाही यात."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बंबाने पाळण्यात आपला नेहमीचा दोन माणसांचा डबा संपवला, बोटं चाटली, आणि मग दह्याचं झाकण सोलून काढलं.

दह्यात चमचा घातला की ते तुटावं, कडेने थोडं पाणी सुटावं. हे चमच्याला चिकटून उभं राहिलं. काच चौकटीत बसवताना लावतात ना ती लांबी, हुबेहूब तशी. रंग गुलाबी, पण आजारी माणसाच्या हिरडीसारखा. बंबाने एक घास घेतला आणि डोळे मिटले.

"कसं लागतं?"

"चुन्यात साखर सांडल्यासारखं."

"मग टाकून दे."

"औषध कधी चवीला बरं असतं का रे?"

मी एक चमचा चाखला. गिळलं तरी टाळूवर पीठ बसून राहिलं आणि मागून एक खोटा गोडवा आला, तो पाणी पिऊनही गेला नाही. मी पाळण्याच्या कडेवरून थुंकणार होतो. खाली फुटपाथ होता म्हणून गिळलं.

बंबाचं गणित सरळ होतं. जन्मभर त्याला नको वाटणाऱ्या कामाचेच पैसे मिळाले होते. म्हणजे जितकं किळसवाणं तितकं गुणकारी. न्याहारीवर एक डबा, जेवणावर एक, चहावर बाटली, झोपताना पुडिंग. वजन हलत नाही असं वाटलं की तो जादा पाळी लावल्यासारखे दोन दोन डबे खायचा. घाम पुसून खायचा. नाक दाबून खायचा. वहिनी म्हणाल्या, "माझ्या हातचं इतक्या निष्ठेने कधी खाल्लं नाहीत."

मग त्याचं पोट बोलायला लागलं.

याबद्दल सभ्य भाषेत लिहिणं अवघड आहे. पाळणा दोन हात रुंद. वारा इमारतीला आपटून उलटा फिरतो आणि जे काही असेल ते परत आणून तोंडावर मारतो. आंबलेलं दूध आणि जळलेलं रबर एकत्र केलं तर जवळपास जाईल. पाळण्यातून पळून जायला एकच वाट असते आणि ती कुणी घेत नाही.

"माफ कर," बंब म्हणायचा.

"माफी वाऱ्याने उडत नाही, लेका. जरा दम धर की."

"दम धरला तर काटा वाढेल."

काटा तसाही वाढला. तपासणीच्या आधी आम्ही गुपचूप तळघरात गेलो. बंब चढला. काटा मागच्यापेक्षा पुढे.

"बिघडलाय," बंब म्हणाला.

मी चढून पाहिलं. माझं वजन होतं तेवढंच होतं. बंब पार्सलच्या खोक्यावर बसला आणि बराच वेळ उठला नाही.

त्याच आठवड्यात आमचा पाळणा एका ऑफिससमोर थांबला होता. जेवणाची वेळ. काचेपलीकडे एक तरुण मुलगा टेबलाशी बसलेला. त्याने तेच दही काढलं, तोच गुलाबी डबा. बंबाचा वायपर थांबला. मुलाने अगदी छोट्या चमच्याने, फोनमध्ये बघत, अर्धा डबा खाल्ला. झाकण लावलं. हात पुसले.

"आता जेवण काढेल," बंब म्हणाला.

मुलाने कॉम्प्युटर सुरू केला.

"डबा विसरला असेल."

"अरे, विसरला नाही," मी म्हणालो. "तेच त्याचं जेवण."

बंबाने माझ्याकडे बघितलं, मग मुलाकडे. काचेला नाक लागेल इतका तो पुढे वाकला. आत बसलेल्याने दचकून वर पाहिलं.

"एवढंच?" बंब म्हणाला. "हे खायचं, आणि वर काहीच नाही? याला जगणं म्हणतात?"

दुसऱ्या दिवसापासून त्याने घरचा डबा आणायचा बंद केला. नुसतं दही आणि तो पांढरा चुरा. सुपरवायझरची मुदत डोक्यावर होती. वजन उतरायला लागलं आणि बंबही उतरायला लागला. दुपारनंतर तो मधेच वायपर उचलायचा. एक दिवस त्याची बाजू उन्हात आली आणि मला रेघा दिसल्या. एक नाही, जिन्यासारख्या एकाखाली एक.

मी त्या परत पुसल्या. दुसऱ्या दिवशीही पुसल्या. तिसऱ्या दिवशी वायपर बादलीत टाकला.

"हे बघ, काट्यावर तू पास होशील. पण असलं काम करणार असशील तर माझ्या शेजारी उभा राहू नकोस. खाली जा."

"तूच म्हणतोस हे?"

"मीच. पोटात काही नसताना इतक्या उंचीवर उभा आहेस. उद्या तुला धरायला मला दोन हात लागतील, मग काच कोण पुसणार?"

दुसऱ्या दिवशी त्याच्या पिशवीत घरचा डबा होता. पूर्वीच्या निम्मा. वर दही. डबा तो चवीने खायचा आणि मग, भूक शिल्लक असताना, दही समोर ठेवून थोडा वेळ त्याच्याकडे शत्रूकडे बघावं तसं बघायचा. झोपतानाचं पुडिंग आणि बाटल्या बंद झाल्या. सकाळी पहिल्या मजल्यापासून छतापर्यंत तो जिन्याने यायला लागला. वर पोचला की आधी उपड्या बादलीवर बसायचा.

तपासणीला त्याने बूट काढले, पट्टा काढला, शर्टही काढला. काटा शंभरावर जाऊन थरथरत राहिला. सुपरवायझर वाकला.

"पोटातला वारा सोडू का?" बंबाने विचारलं.

"नको!" मी ओरडलो.

काटा रेषेच्या आत स्थिरावला. सुपरवायझरने नुसती मान हलवली. बंबाने शर्ट घातला, उलटा, आणि तसाच छतावर आला.

मला वाटलं, सुटला. पण तपासणी पुन्हा आली, आणि पुन्हा येतच राहिली. त्यामुळे दहीही राहिलं. पुढच्या काळात त्या दुकानाने प्रोटीनचं आइस्क्रीम काढलं, प्रोटीनचं लोणी काढलं, सगळ्यांची चव तीच, ओल्या पुठ्ठ्याची. मुलगी नवीन काही आणायची आणि बंब विचारायचा, "यातलं कमी वाईट कोणतं?" त्याला त्याची सवय कधी झाली नाही. लोक म्हणतात, खाता खाता आवडायला लागतं. साफ खोटं. इतकी वर्षं मी त्याचं तोंड बघितलंय. शेवटच्या चमच्यालाही ते पहिल्यासारखंच वाकडं व्हायचं. पण डबा तो खरवडून संपवायचा आणि उठून वायपर वरच्या कडेला लावायचा. रेघ नाही.

आम्ही एकाच महिन्यात निवृत्त झालो. त्यानंतर एकदा मी त्याच्या घरी गेलो होतो. मुलगी दुकानातून आली आणि सवयीने गुलाबी डबा त्याच्यासमोर ठेवला.

"बाबा, हे घ्या."

बंबाने तो बोटाने टेबलाच्या पार कडेपर्यंत ढकलला.

"कशाला?" तो म्हणाला. "आता पगार कुठे मिळतो?"