तिला बोलू द्या

"गप बसा जरा. तिला बोलू द्या."

ट्रक गॅरेजच्या दारात उभा राहिला आणि ड्रायव्हरने तोंड उघडलं, की वहिनींचं हे पहिलं वाक्य ठरलेलं. 'ती' म्हणजे गाडी. ड्रायव्हर मंडळींना आपल्या गाडीच्या दुखण्याबद्दल किती बोलायचं असतं, ते तुम्हीही पाहिलं असेल. आवाज कोणत्या गावाजवळ सुरू झाला, कोणत्या मिस्त्रीने काय सांगितलं, आणि तो मिस्त्री शेवटी कसा अडाणी निघाला. वहिनी हात आडवा धरायच्या, इंजिन चालू ठेवायला लावायच्या आणि लांब दांडीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढे व्हायच्या. पातं इंजिनवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर. डोळे मिटलेले. साडीवर नवऱ्याचा खाकी शर्ट, पदर कमरेला घट्ट आवळलेला. आम्ही आजूबाजूची माणसं तेवढा वेळ खोकलासुद्धा दाबून धरायचो.

तिसगावात रस्त्याच्या एका अंगाला त्यांचं गॅरेज आणि समोर माझं स्पेअर पार्टचं दुकान. त्यामुळे त्यांचं निदान पहिल्यांदा माझ्याच कानावर यायचं. "भाऊजी, अमुक बेल्ट काढा," अशी रस्त्यापलीकडून हाक आली, की मी समजायचो, गाडी बोलली.

एकदा परमुलखात अडकलेल्या एका ड्रायव्हरने इंजिनचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवला. वहिनींनी तो कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकला आणि त्याला फोन केला. "आरं बाबा, ह्यात तुजाच धापा टाकल्याला आवाज येतुय. मोबाईल गाडीला लाव, तोंडाला न्हाई."

दुसरा किस्सा घोडेगावच्या बाजाराचा. तिथे शेळ्या उतरवून एक ट्रक रिकामा परत येत होता. ड्रायव्हर घाबराघुबरा. "वहिनी, इंजिन कण्हतंय. मानूस कण्हल्यावानी." वहिनींनी ऐकलं, कपाळाला आठी घातली आणि इंजिन बंद करायला सांगितलं. इंजिन बंद झालं. कण्हणं चालूच. वहिनी मागे गेल्या, केबिनमागे गुंडाळून ठेवलेली ताडपत्री उचलली आणि आतून ओलं, थरथरतं एक करडू बाहेर काढलं. वाटेतच कुठली तरी शेळी व्यालेली, आणि उतरवणाऱ्यांना पिल्लाचा पत्ताच नाही. करडू ड्रायव्हरच्या हातात देत त्या म्हणाल्या, "हिला ऑइल नगं, दूध पाज." तो बिचारा त्याला छातीशी धरून उलटा घोडेगावला गेला.

वहिनी काही जन्माने मिस्त्री नव्हत्या. मिस्त्री होते त्यांचे यजमान. गॅरेज त्यांचं, नाव त्यांचं. मिरजगावकडच्या गाड्यासुद्धा वाकडी वाट करून त्यांच्याकडे यायच्या. वहिनी दुपारी डबा घेऊन यायच्या आणि त्यांचं जेवण होईपर्यंत नट-बोल्ट डिझेलमध्ये धुवून ठेवायच्या. एका उन्हाळ्यात मिस्त्रींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. बुद्धी शाबूत, कान शाबूत, पण शब्द बाहेर येईना. शटर बंद पडलं. आम्हाला वाटलं, आता जागा विकणार.

मग एका सकाळी शटर उघडल्याचा आवाज आला. पाहतो तर मिस्त्री दारातल्या लिंबाखाली खुर्चीवर बसलेले आणि वहिनी त्यांचा शर्ट अंगात घालून पान्यांवरची धूळ पुसताहेत.

मी रस्ता ओलांडून गेलो. म्हटलं, "वहिनी, हे काय?"

"त्यांचे कान हायेत, माजे हात हायेत," त्या म्हणाल्या. "एक मानूस पुरा व्हतोय की."

सुरुवातीला गिऱ्हाइकं शटरमध्ये बाई बघून पुढे निघून जायची. काही थांबायची ती दयेपोटी. वहिनी दोघांनाही सारखाच चहा पाजायच्या. मिस्त्रींनी डाव्या हाताच्या खुणा ठरवल्या होत्या. मूठ फिरवली की बेरिंग, दोन बोटं वर-खाली केली की व्हॉल्व्ह, तळवा हलवला की काही नाही, जाऊ दे. वहिनी ऐकायच्या, मग त्यांच्याकडे बघायच्या, आणि ते सांगतील ते उघडायच्या. असं पुष्कळ दिवस चाललं. त्यांचा शब्द वहिनींनी कधी मोडला नाही. मोडायची वेळच आली नव्हती.

ती आली दिवाळीनंतर, ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या दिवसांत.

आमच्या पाथर्डी भागातली निम्मी गावं तेव्हा रिकामी होतात. सकाळी एक ट्रक येऊन थांबला. वर संसार भरलेले. पेट्या, पातेली, कोंबड्यांची डालगी, आणि त्यांच्यामधून डोकावणारी बायामाणसं, लेकरं. टोळी कोल्हापूरकडच्या कारखान्याला निघाली होती. इंजिनमधून ठक-ठक, ठक-ठक असा जड आवाज येत होता. ड्रायव्हर म्हणाला, काही नाही, जुनी गाडी आहे. मुकादम म्हणाला, ऑइल टाका आणि सोडा, उद्या कारखान्यावर पोचायचंय.

वहिनींनी दोघांना गप्प बसवलं आणि ऐकलं. एकेका सिलिंडरचं डिझेल बंद करून पाहिलं. आवाज तसाच. मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांनी मूठ फिरवली. बेरिंग.

वहिनी गाडीखाली गेल्या. ऑइल काढलं, इंजिनखालचा ऑइलचा चेंबर उतरवला, एकेक बेरिंग खोलून पाहिलं. बाहेर आल्या तेव्हा कोपरापर्यंत काळ्या झालेल्या. बेरिंगं चकचकीत होती, कशावर ओरखडासुद्धा नव्हता. माझ्याकडून नवं पॅकिंग घेऊन त्यांनी सगळं होतं तसं बसवलं आणि गाडी चालू करायला लावली.

ठक-ठक. ठक-ठक.

ऊन डोक्यावर आलं होतं. मुकादमाचा धीर सुटला. "बाई, तुमी खोललं, बगितलं, काय निगालं न्हाई. आता सोडा गाडी. आवाज काय रस्त्यात आडवा पडतुय का?"

वहिनींनी केबिनमध्ये हात घातला, चावी काढली आणि कमरेला खोचली.

"मिस्तरीन हाय का पोलीस?" मुकादम ओरडला.

ट्रकवरून एक तरणी बाई खाली उतरली. तान्हं पोर खांद्यावर टाकलेलं. ती सरळ वहिनींसमोर येऊन उभी राहिली. "वहिनी, खरं सांगा. काय हाय का त्यात?"

वहिनी म्हणाल्या, "हाय. काय हाय ते अजून ठावं न्हाई मला. पन हाय."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. अर्धा दिवस गेलेला, कष्ट वाया गेलेले, चार माणसांत हसं व्हायची वेळ, आणि त्या मात्र दाराशी आलेला पाहुणा कोण ते आठवत असल्यासारख्या उभ्या होत्या. मग त्या केबिनमध्ये चढल्या. वहिनी अंगाने लहानखुऱ्या. सीटवर पार पुढे सरकल्या तेव्हा कुठे पाय पॅडलला पोचला. गाडी चालू केली. रेस वाढवली, कमी केली. मग क्लच दाबला.

आवाज थांबला.

क्लच सोडला, ठक-ठक. दाबला, शांत. त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा केलं. आमच्यातल्या कुणालाही आता ते ऐकू येत होतं.

त्यांनी खिडकीतून मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी मान हलवली आणि मूठ फिरवली. बेरिंगच. परत फिरवली, जोरात.  आयुष्यभर ज्या कानावर जगले, तो कान चुकतोय हे माणसाने सगळ्यांदेखत कसं मान्य करावं?

वहिनी खाली उतरल्या, खुर्चीपाशी गेल्या आणि जमिनीवर बसल्या. हळू बोलल्या, पण मी जवळ होतो. "आवं, क्लच दाबला की थांबतुय. बेरिंगचा असता तर थांबला असता का? तुमीच सांगा."

 मिस्त्रींनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

वहिनी तशाच बसून राहिल्या. मला वाटलं, आता चावी मुकादमाला देतील. त्या उठल्या, हात शर्टाला पुसले आणि म्हणाल्या, "गिअरबॉक्स उतरवायचा. त्याबिगर क्लच दिसायचा न्हाई."

मुकादमाने आकाशपाताळ एक केलं. दुसरी गाडी बोलावतो म्हणाला, गॅरेज बंद पाडतो म्हणाला. तो ओरडत असतानाच त्या तरण्या बाईने पोर दुसरीच्या मांडीवर दिलं, तीन दगड मांडले, ट्रकमधून पातेलं उतरवून घेतलं आणि लिंबाच्या पलीकडे चूल पेटवली. "भाकरी होऊस्तवर काय आमी निगत न्हाई," ती म्हणाली. बाकीच्या बायाही उतरल्या. परातीत पीठ पडल्यावर मुकादमाचं काय चालणार? टोळीतले गडी शर्ट काढून वहिनींजवळ आले. "सांगा, कुटं धरायचं?"

ती उतरण मी विसरणार नाही. गिअरबॉक्स म्हणजे दोन गोण्यांना भारी. खाली लाकडं रचून, आठ-दहा हातांनी तो तोलून धरलेला, आणि वहिनी गाडीखालून एकेका हाताला हुकूम देताहेत. "डावीकडं. अजून. थांबा. सोडू नगा." मग क्लचची प्लेट निघाली आणि मागे इंजिनचं ते जड लोखंडी चाक उघडं पडलं. फ्लायव्हील. ते इंजिनला ज्या बोल्टांनी आवळलेलं असतं, त्यातले दोन तुटून पडले होते. वहिनींनी उरलेल्यांपैकी एकाला हात लावला. पाना लागलाच नाही. बोल्ट बोटांनी फिरला.

"भाऊजी, मुकादमाला म्हनावं, खाली येऊन बगा," त्या म्हणाल्या.

मुकादम वाकून गाडीखाली गेला. बाहेर आला तो ट्रकभर लेकरांकडे बघत उभा राहिला. ड्रायव्हरला आता आठवलं, मागच्या महिन्यात रस्त्यातच कुणाकडून तरी क्लच प्लेट बदलून घेतली होती. ज्याने बसवली त्याने फ्लायव्हीलही काढलं होतं, आणि परत बसवताना बोल्ट नीट आवळलेच नव्हते. फिरतं चाक करंजीच्या घाटात सुटलं असतं, तर केबिनचा पत्रा फाडून वर आलं असतं. आणि मग भरल्या ट्रकला कोण आवरणार होतं?

वहिनींनी तुटलेला बोल्ट पुसला आणि लिंबाखाली गेल्या. मिस्त्रींचा डावा हात उघडून त्यांनी तो तळव्यावर ठेवला. मिस्त्रींनी त्याच्यावरून अंगठा फिरवला, जिथे तुटला होता ती कड चाचपली. बराच वेळ चाचपली. मग ते अर्ध्या तोंडाने हसले. झटका आल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांनी बोल्ट मांडीवर ठेवला आणि तोच हात उचलून वहिनींच्या डोक्यावर टेकवला. वहिनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, केस धुवावे लागत्याल," आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. काळी बाही, काळं तोंड.

तसले बोल्ट माझ्या दुकानात नव्हते. मी मोटारसायकल काढली आणि नगरहून घेऊन आलो. तोवर टोळीने वहिनींना आणि मिस्त्रींना भाकरी वाढली होती, आणि माझ्या वाटणीची झाकून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक निघाला. रस्त्याला लागताना त्याच्या इंजिनमधून आला तो नुसता इंजिनचा आवाज. लेकरं मागच्या फळीवरून हात हलवत होती.

त्यानंतरही वहिनी प्रत्येक गाडी आधी मिस्त्रींना ऐकवायच्या. फरक एवढाच, की आता ते खूण करून झाल्यावर भुवई वर उचलायचे. तुला काय वाटतं? कधी त्यांचं खरं निघायचं, कधी वहिनींचं. दोघं वाद घालायची. तो एक बघण्यासारखा वाद असायचा. एकाला बोलता येत नाही, आणि हरतं कुणीच नाही.

गेल्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. सकाळी अंगण झाडताना छातीत कळ आली म्हणून पायरीवर टेकल्या. आम्ही गाडीत घालून नगरला नेलं, पण दवाखाना येण्याआधीच सगळं संपलं होतं. मिस्त्री आधी जातील, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्यांना त्यांची लेक येऊन आपल्या सासरी, घोडेगावला घेऊन गेली. गाडीत बसवताना मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी काहीही खूण केली नाही.

परवा दुपारी एक ट्रक बंद शटरसमोर येऊन थांबला. ड्रायव्हर लांबचा असावा, त्याला काही माहीत नव्हतं. त्याने दोनदा हॉर्न दिला. मी रस्ता ओलांडून गेलो आणि त्याला सांगितलं. तो म्हणाला, "असं कसं? दसऱ्याला तर भेटलो हुतो." मग खाली उतरला, शटरला हात लावून तो कपाळाला लावला आणि परत गाडीत चढला.

ट्रक पाथर्डीच्या दिशेने निघाला. आत काहीतरी वाजत होतं. मी पायरीवर उभा राहून, श्वास रोखून ऐकत राहिलो. वरचं वाजतंय की खालचं, पुढचं की मागचं, मला काही कळेना. वळणापलीकडे ट्रक दिसेनासा झाला, आणि थोड्या वेळाने आवाजही.