शेवटच्या रांगेतून ऐकलेलं

साउंडच्या धंद्यात गाणी लक्षात राहत नाहीत, किस्से राहतात. बेल्ह्याला चहाला थांबलो की एकावरून दुसरा निघतो आणि चहा गार होतो.

आमचा ग्रुप बोरी बुद्रुकचा. मालक दत्ताभाऊ, माइकवर सोपान आणि मी. मोठ्या स्टेडियममध्ये रॉक कॉन्सर्ट असली की आमचे स्पीकर टेम्पोत बसून निघतात. माझं काम एकच. शो चालू असताना शेवटच्या रांगेपर्यंत फिरायचं आणि आवाज कसा पोचतोय ते वॉकीटॉकीवर दत्ताभाऊंना सांगायचं.

*

पहिल्याच शोला आयोजक म्हणाले, "मागे स्पीकर नकोत, पुढचेच मोठ्याने लावा!" झालं! पुढच्या रांगेतले कानात बोटं घालून बसले आणि मागच्यांना आवाज उशिरा पोचू लागला. शेवटच्या रांगेतला एक जण माझ्या वॉकीटॉकीवरून दत्ताभाऊंना म्हणाला, "ड्रमवाल्याची काठी आधी दिसते, आवाज मागून येतो. असं का?"

"पावणं, स्टेज लई लांब हाय. आवाज चालत येतो!"

*

एकदा गायक दोन तास उशिरा. पब्लिक तापलेलं. सोपान स्टेजवर जाऊन पुन्हापुन्हा माइक तपासत होता. "हॅलो, चेक!" तिसऱ्यांदा तो "हॅलो" म्हणाला आणि अख्खं स्टेडियम ओरडलं, "चेक!" मग अर्धा तास तेच चाललं.

शेवटी गायक आला. रेकॉर्ड केलेल्या गाण्यांवर ओठ हलवले आणि गेला. बाहेर पडताना एक कॉलेजची मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "चेकवाला भारी होता!"

*

आम्हाला वायरी पुरवणारे आळेफाट्याचे एक मारवाडी शेठ एकदा हौसेने सोबत आले. त्यांच्या पुढे सहाफुटी माणूस, हात वर करून मोबाइलवर शूटिंग करणारा. शेठना स्टेज दिसेचना. मग त्यांनी सगळी कॉन्सर्ट त्याच्याच मोबाइलवर बघितली. रंगात आलेल्या गाण्यात मोबाइल बंद पडला.

शेठ त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अहो, घरून चार्ज करून यायचं ना!"

*

आणि तो एक शो. आयोजकांनी आधीच बजावलेलं, "आज काही चुकलं तर पुढच्या वर्षी दुसरे बघू." शेवटून दुसरं गाणं, अगदी संथ. आणि आमची सगळी सिस्टीम बंद! दिवे चालू, आवाज ठप्प.

मग माझ्या शेजारच्या बाईंनी अर्धवट राहिलेली ओळ पूर्ण केली. मग त्यांची रांग गाऊ लागली, मग सगळं स्टेडियम. गायक स्टेजच्या कडेला येऊन खाली बसला आणि ऐकत राहिला. शेवटच्या रांगेत इतकं स्वच्छ मी कधी ऐकलं नव्हतं.

वॉकीटॉकीवर सोपान ओरडला, "भाऊ, सापडलं! ब्रेकर पडला व्हता. करा चालू!"

"कळलं," दत्ताभाऊ म्हणाले.

पण स्पीकर गप्पच. एक कडवं झालं, दुसरं झालं. गाणं संपून टाळ्या पडल्या, तेव्हा कुठे आवाज आला.

शो संपल्यावर आयोजक तणतणत आले. "एवढ्याशा दुरुस्तीला इतका वेळ?"

दत्ताभाऊ वायर गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "गाणं जेवढं व्हतं, तेवढाच येळ लागला, साहेब."