पूजेला बसलेली स्प्रे-गन

ओघळ माझ्या नजरेस पडला तेव्हा स्प्रे-गनच्या गळ्यात झेंडूची माळ पडून चुकली होती.

आयुधपूजेची सकाळ होती. बेंगळुरात त्या दिवशी कारखान्यातलं प्रत्येक हत्यार पूजेला मांडतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. आमच्या सरकारी कारखान्याच्या पेंट शॉपमध्येही तेच. दुपारी जनरल मॅनेजर सहकुटुंब येऊन, नुकत्याच रंगवलेल्या आपल्या क्रीम रंगाच्या गाडीची पूजा करणार होते.

ओघळ म्हणजे काय? गन एका जागी जास्त रेंगाळली की रंग साचतो आणि आपल्याच वजनाने खाली घसरतो. आदल्या संध्याकाळी आमचे ट्रान्सपोर्ट ऑफिसर दामलेसाहेब शेजारी उभे राहून "अजून किती वेळ?" विचारत होते. मी उत्तरं देत होतो आणि गन एकाच जागी रंग ओकत होती. ड्रायव्हरच्या दारावर बोटभर ओघळ उतरला.

मी टेंपररी पेंटर. मला कायम करणं दामलेसाहेबांच्या हातात होतं. घरी मल्लेश्वरममध्ये आमच्या अप्पांनी तर मी कायम झाल्याचं गल्लीभर सांगूनही टाकलं होतं.

खरं तर उपाय सोपा. ओल्या ओघळाला हात लावायचा नाही. वाळला की लाकडी ठोकळ्याला वॉटर पेपर, म्हणजे ओला चालणारा पॉलिश कागद, गुंडाळायचा, पाणी लावून नुसता फुगवटा घासायचा, मग कंपाउंडने चमक आणायची. तासाभराचं काम. पण ठोकळ्यापासून कंपाउंडच्या डब्यापर्यंत सगळं कुंकू लावून पाटावर बसलेलं.

ते बसवलं होतं मुनियप्पाने. शॉपमधला सगळ्यात जुना मिस्त्री, तो काही ऐकेना. दामलेसाहेब पुण्याचे, वादात मागे हटणारे नव्हेत. म्हणाले, वॉटर पेपर हे हत्यार नाही, कागद आहे. मुनियप्पा म्हणाला, कागद म्हणजे सरस्वती, तीही आज पूजेतच. साहेबांच्या घरीही पुस्तकं पूजेला मांडलेली; त्यांनी उचललेला वॉटर पेपर परत पाटावर ठेवला.

मी विचारलं, नुसत्या हाताने घासू का? मुनियप्पाने शांतपणे माझ्या तळहाताला कुंकू लावलं.

"मग आता काय करायचं, अण्णा?"

"त्याचीच पूजा करायची," तो कानडीत म्हणाला.

त्याने ओल्या कुंकवाची तीन बोटं ओघळावरून ओढली. ओघळ झाकला गेला. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून साहेबांनी पलीकडच्या दारावरही स्वतःच्या हाताने तीन बोटं ओढली. दुपारी जनरल मॅनेजरांनी नमस्कार केला, कोहळा फुटला, चाकांखाली लिंबं चिरडली. मी देवाचे आभार मानले, जरा घाईनेच.

दुसऱ्या दिवशी ओघळ घासून साफ केला. कुंकू मात्र जाईना. रंग आतून कच्चा होता, लाली खोल मुरली होती. वरून क्रीम मारला, गुलाबी पट्टे वर आले. पुन्हा मारला, पुन्हा आले. याला आमच्यात ब्लीडिंग म्हणतात: खालचा लाल नव्या रंगात विरघळून वर येतो. त्यावर इलाज एकच, पत्र्यापर्यंत खरवडायचं.

तसा निरोप जनरल मॅनेजरांच्या बंगल्यावर गेला. बाईसाहेबांचं उत्तर आलं: सवाष्णीच्या गाडीचं कुंकू खरवडायचं नाही. जनरल मॅनेजरांनी त्याखाली पुरवणी जोडली: पण दिसताही कामा नये.

दामलेसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, संपलं.

"ही दोन दारं आता महिन्या-महिन्याला रंगवावी लागणार," ते म्हणाले. "टेंपररी माणसाच्या भरवशावर कशी सोडू?"

आणि त्यांनी मला कायम केलं.

तो ओघळ मी इतका सफाईने काढला होता की कुठे होता ते मलाही सांगता आलं नसतं. त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. आमच्या धंद्यात चांगलं काम दिसत नाही. पगार चालू राहतो तो बिघडलेल्या कामावर.