इंजिनाला माणसं दोन

दूधवाल्याने दारात सायकल लावली आणि म्हणाला, "वाडीवरून निरोप हाय." मी बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या माझ्या खोलीत कामावर जायच्या घाईत होतो. विचारलं, "काकांची मोटर पुन्हा बंद पडली का?" "मोटर नाय, सायेब... काका गेले."

त्याला आता दीड महिना झाला.

अण्णाकाका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. बारवी धरणाच्या बाजूला आमची वाडी. भात निघाल्यावर ते नदीकाठच्या तुकड्यात काकडी, भेंडी लावायचे. काकी लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं. माझं नाव घालायला उल्हासनगरच्या कॉलेजात तेच आले होते, धोतर सावरत खिडकीशी उभे राहिले होते. घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्यांच्यामुळे. अंबरनाथच्या कारखान्यात नोकरी लागल्यावर वाटे, यांच्यासाठी काहीतरी करावं.

वाडीत विजेची लाइन आली तेव्हा मी एका कागदावर दोन रकाने पाडले, पाणी उपसायला काकांकडे होतं ते डिझेल इंजिन आणि विजेची मोटर. इंजिनाचा धूर, कानठळ्या, बदलापूरहून वाहून आणायचं डिझेल. मोटरीची खोट एकच, वीज गेली की ती बसून राहते. शेवटी मोठ्या समाधानाने लिहिलं: इंजिनाला माणसं दोन, मोटरीला एक. एकाने हँडल फिरवायचं, वेग आला की दुसऱ्याने लिव्हर पाडायचा. त्यासाठी शेजारच्या शेतातला महादू रोज सकाळी यायचा.

"अण्णा, हँडल फिरवतोस का ताक घुसळतोस?"

"तू लिव्हर बघ, तोंड नको चालवू!"

मग पाणी सुरू झालं, की दोघं बांधावर चहा पीत बसायचे, पार ऊन चढेपर्यंत.

काकांनी कागद वाचला, घडी घातली. "तू शिकलेला. म्हणशील तसं." मोटर बसली. काका बटण दाबायचे, पाणी यायचं. महादूला यायचं कारण उरलं नाही.

त्यानंतर निरोप येऊ लागले, मोटर चालत नाही, ये. मी रविवारी जायचो. दर वेळी एक फ्यूज ढिला निघायचा, आणि चुलीवर माझ्यासाठी सुकटीचं कालवण आधीच तयार असायचं. तिसऱ्या खेपेला मी वैतागलो. "काका, एवढ्यासाठी कशाला बोलावतोस? बघ, असा बसवायचा." त्यांनी नीट पाहिलं, माझ्यासमोर दोनदा बसवून दाखवला. म्हणाले, "जमलं. आता तुला खेप नको."

नंतर निरोप आला नाही. काका शिकले, असं मी कारखान्यात कौतुकाने सांगायचो.

तेराव्याला हे महादूला सांगितलं. तो म्हणाला, "अण्णाला फ्यूज शिकवलास? अरं, अख्ख्या वाडीचे फ्यूज तोच बसवायचा..."

आता मी दर रविवारी वाडीवर जातो. भेंडी अजून उभी आहे, तिला पाणी हवं. बटण दाबतो, पाणी लगेच येतं. कुणाला हाक मारावी लागत नाही.