निरंक

जामखेडच्या कचेरीत माझ्या टाइपरायटरशेजारी जे कारकून बसायचे, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. कुणाचा चहासुद्धा न घेणारा माणूस. अर्ज आला की ते माणसाकडे नाही, रकान्यांकडे बघत. एखादा रिकामा दिसला की त्यावर तांबड्या पेन्सिलीने गोल काढून कागद परत सरकवत. "मोकळं ठेवायचं न्हाई. काही नसंल तर निरंक लिहा." जमीन निरंक, जनावरं निरंक, असं चालायचं.

एकदा एक बाई मुलीच्या दाखल्यासाठी आली. वडिलांच्या नावाचा रकाना तिने मोकळा ठेवला होता. "टाकून गेला त्यो. त्याचं नाव नगं," ती म्हणाली. भाऊसाहेबांनी त्या दिवशी अर्ज परत केला नाही. स्वतःच तिथे निरंक लिहिलं आणि कागद माझ्याकडे दिला. जेवणाची सुट्टी व्हायला आली होती. मी टाइप केलं: कु. लता निरंक गायकवाड.

शाळेनेही तेच नाव हजेरीला लावलं. गुरुजी पूर्ण नाव पुकारतात, पोरं हसतात, असं सांगत बाई दुरुस्तीला आली. भाऊसाहेब म्हणाले, "मग बापाचं नाव आना."

दहावी झाल्यावर लता स्वतः अर्ज घेऊन आली. वडिलांच्या रकान्यात तिने वळणदार अक्षरात निरंक लिहिलं होतं. भाऊसाहेबांनी अर्ज वरून खालपर्यंत दोनदा वाचला. पेन्सिल उचललीच नाही.

"असा अर्ज पायजे," ते मला म्हणाले. "एक रकाना मोकळा न्हाई."

लता माझ्याकडे बघत उभी होती. मी मान खाली घालून पुन्हा तेच नाव टाइप केलं.