मास्तर हलले नाहीत

डोणगावच्या आसपास कुणाचंही लग्न असलं की मी हजर. नवरीकडचा नाही, नवरदेवाकडचा नाही, मी क्लॅरनेटकडचा. बँडच्या मास्तरांचं क्लॅरनेट ऐकण्यासाठी परक्यांच्या इतक्या पंगती झोडल्या, की वाढपी मला आग्रह करू लागले. पुढे मास्तरांनीही मला मित्र मानलं, म्हणजे वाद्याची पेटी माझ्या खांद्यावर दिली. मला तो मानच वाटला.

त्या हंगामात मास्तरांच्या हिरड्या पिकल्या. मेहकरचा डॉक्टर म्हणाला, सगळे दात काढावे लागतील, पण कवळीने भाकर छान खाता येईल. जणू मास्तर लग्नात भाकरच वाजवत होते. दात गेल्यावर क्लॅरनेट ओठांत धरता येणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. मला रडूच आलं. मग खामगावच्या, कापसाची जिनिंग असलेल्या आतेभावाकडून मी सिनेमा काढायचा कॅमेरा मागून आणला. त्यात आवाज येत नसे. पण मास्तरांची बोटं तरी राहतील, म्हटलं. वाजवणाऱ्याचा मुका सिनेमा! अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आई म्हणाली.

जरीच्या खांद्यांचा कोट घालून मास्तर कडुलिंबाखाली उभे राहिले, क्लॅरनेट ओठांना लावलं आणि थिजले. श्वाससुद्धा रोखला. कॅमेरा खाली घेतला की झकास वाजवत, वर केला की पुतळा. यात हलायचंच असतं, असं मी परोपरीने सांगितलं. त्यांना माझी कीव आली.

"चिखलीचा फोटोवाला पापणी हालू देत नाई. तू कालचा पोरगा, मले शिकवून राह्यला का बे?"

रीळ संपलं. ते मुंबईहून धुऊन येईपर्यंत दातही संपले होते.

आतेभावाचंच दाखवायचं यंत्र आणून, भरदुपारी खिडकीला गोधडी लावून आम्ही दोघांनी तो सिनेमा चादरीवर पाहिला. पानं हलत होती. मागून एक शेळी निवांत चालत गेली. तिचं काम सगळ्यात सरस झालं होतं. मास्तर मात्र ढिम्म.

"पाह्य बरं," ते बोळक्या तोंडाने म्हणाले, "हाललो का कुठं?"

नाही मास्तर, म्हटलं.

चादर पांढरी झाली तरी ते उठले नाहीत. मी गोधडी बाजूला केली. मास्तर चादरीकडेच पाहत होते आणि त्यांची बोटं मांडीवर भराभर चालली होती. कॅमेरा केव्हाच खामगावला परत गेला होता.