पोराचे कमी मार्क

आमच्या घरात कमी मार्क कुणी पाहिलेलेच नव्हते. मी नागपूरची, नवरा पुण्याचा, भांडायला विषय ढीगभर. पण पोराच्या मार्कांवरून कधी वाद झाला नाही. त्यामुळे त्या शनिवारी कॉलेजच्या मैदानाशेजारच्या ऑफिसात असिस्टंट कोचने सांगितलं की मेमरी टेस्टमध्ये तुमचा मुलगा टीममध्ये सगळ्यात खाली आहे, तेव्हा मी ताडकन म्हणाले, "शक्यच नाही. पेपर अदलाबदल झाला असेल."

लेक समोरच बसला होता. तो या कॉलेजात बेसबॉल खेळतो, कॅचर आहे. आपला विकेटकीपरच म्हणा, फक्त बॅटरच्या अगदी पाठीशी उकिडवा बसलेला. बॅटला निसटता लागलेला बॉल थेट त्याच्या तोंडावरच्या मास्कवर आदळतो. शाळेत असताना असे कित्येक बॉल त्याने झेलले आणि तो उठून उभा राहिला की आम्ही टाळ्या पिटायचो. आमच्या घरापासून कॉलेज तासाभरावर आहे, म्हणून मी शनिवारी डबा घेऊन येते. त्या दिवशी कोचने मला आत बोलावलं होतं.

हा कोच पूर्वी स्वतः प्रोफेशनल कॅचर होता. उजव्या हाताची बोटं इतकी वाकडी की शेकहँड करताना मलाच कसंतरी झालं. तो शांतपणे म्हणाला, पेपर बदललेला नाही. सीझनच्या आधी सगळ्यांची ही टेस्ट होते. पुढे कुणाच्या डोक्याला मार बसला की पुन्हा घेतात आणि मार्क ताडून बघतात. म्हणून काही पोरं पहिल्यांदा मुद्दाम चुका करतात. म्हणजे मार बसल्यावर मार्क घसरल्याचं दिसतच नाही, आणि खेळता येतं.

"मीही हेच करायचो," तो म्हणाला.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. लेकाला विचारलं, "काय रे, खरं आहे हे?"

त्याने आधी कोचकडे पाहिलं, मग बुटांकडे. "आई, एव्हरीबडी डझ इट."

मग मी त्याला मराठीत असा झापला की काय सांगू. अक्कल गहाण टाकलीस का, डोकं फुटलं तर कुठल्या दुकानात नवीन मिळतं, सगळं. कोचला ओ की ठो कळत नव्हतं, तरी तोही मान खाली घालून बसला. मी दमल्यावर त्याने तोडगा सांगितला: टेस्ट आत्ता पुन्हा द्यायची, प्रामाणिकपणे. दिली तर झालं गेलं विसरून जाऊ. नाहीतर हा सीझन विसर.

लेक टेस्ट घेणाऱ्या ट्रेनरबाईंबरोबर शेजारच्या खोलीत गेला. कोच आणि मी बाहेर बाकावर बसलो. मी त्याच्यासमोर थालीपीठ धरलं, त्याने खाल्लं. मग स्वतःहून सांगायला लागला. मुलीचा पहिला वाढदिवस त्याला फक्त फोटोंतून माहीत आहे. फोटोत तो केक कापतोय, हसतोय. "मी तिथे होतो, असं बायको सांगते," तो म्हणाला. मी उरलेलं थालीपीठही त्याच्यापुढे सरकवलं. पण खोटं कशाला बोलू, आतून हायसंही वाटत होतं. बरं झालं, आपलं पोर वेळेत पकडलं गेलं, आता खरे मार्क येतील आणि विषय संपेल.

दार उघडलं. मागे लेक, पुढे ट्रेनरबाई. त्या कोचला म्हणाल्या, "तेवढेच. उलट थोडे कमी."

कोच उठून उभा राहिला. आवाज चढला होता. "मी तुला प्रामाणिकपणे द्यायला सांगितलं होतं."

"दिली, कोच."

लेक माझ्याजवळ येऊन बसला. एरवी हा पोरगा मराठीत विचारलेल्याला इंग्लिशमध्ये उत्तर देतो. त्या दिवशी मराठीत बोलला, अगदी हळू.

"कोच म्हणाले मुद्दाम केलंस, तर मी हो म्हटलं. ते बरं वाटलं ऐकायला. आई, पहिल्यांदापण मी नीटच दिली होती."